माझे मित्र क्लार्कने निवडले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फ्रेंडशिप डेच्या पुरवणीतला लेख वाचला, मित्र पारखून घ्या, आवडीनिवडी जुळणारेच निवडा वगैरे. हसूच आलं. मी आयुष्यात एकही मित्र निवडला नाही, माझे मित्र पॉलिटेक्निकच्या क्लार्कने निवडले. १९९४ ला ॲडमिशन झाली, यादी इंग्रजी अक्षरांनी लागली, त्यात जाधव, जगताप, जैन, जोशी ओळीने आले आणि चौघं एकाच बॅचमधे पडलो. एक शेतकऱ्याचा, एक किराणा दुकानवाल्याचा, एक भटजींचा आणि मी एसटी कंडक्टरचा. वर्कशॉपात फिटिंगचा जॉब, म्हणजे घासून मापात आणायचा लोखंडी तुकडा, एकाने बिघडवायचा, दुसऱ्याने कानशीने घासून वेळ मारून न्यायची, असं करत तीन वर्षं गेली आणि आजही अडीनडीला पहिला फोन त्यांनाच जातो.

हा नुसता योगायोग वाटायचा. पण अमेरिकेत मेरीलँडच्या पोलीस ट्रेनिंग अकादमीत असंच होतं, खोल्या आणि बाकं आडनावाच्या अक्षराने दिलेली. मॅडी सेगल नावाच्या संशोधक बाईंनी तिथल्या पोरांना जवळचे मित्र कोण विचारलं तर यादीत शेजारी असलेलेच निघाले, धर्म, वय, छंद या सगळ्यापेक्षा आडनावाचं अक्षर भारी पडलं! हे १९७४ चं. पुढे २००८ मधे जर्मनीतल्या लाइपझिगचा अभ्यास आला, तिथे तर पहिल्या दिवशी कोण कुठे बसणार हे नशिबावर सोडलं होतं, तरी वर्षभराने शेजारी बसलेल्यांची दोस्ती जास्त निघाली.

आवडीनिवडी काहीच नसतात असं नाही, पण त्या कळायला आधी एकत्र बसावं तर लागतं ना. कॅन्ससचे प्रोफेसर जेफ्री हॉल यांचा हिशोब आहे, ओळखीचा साधा मित्र व्हायला साधारण ५० तास, जिगरी व्हायला २०० च्या वर. आणि नुसते कामाचे तास फारसे धरायचे नाहीत, रिकामटेकडे बसलेले धरायचे. म्हणजे आमचा खरा अभ्यास वर्कशॉपच्या मागच्या टपरीवरच झाला म्हणायचा.

आता मुद्दा. माझ्या मुलाच्या कॉलेजात प्रॅक्टिकलचे ग्रुप पोरं स्वतःच व्हॉट्सॲपवर ठरवतात. झालंय काय, एकाच कोचिंग क्लासचे, एकाच गावचे, आणि स्पष्टच लिहितो, एकाच जातीचे ग्रुप पडलेत, कुणी मुद्दाम केलं असंही नाही, जो तो ओळखीच्याकडे सरकला. आपल्याकडे आडनावावरून जात ओळखतात, पण एबीसीडीला जात कळत नाही, म्हणून तर जाधव-जोशी वर्कशॉपात एका व्हाइसवर, म्हणजे जॉब धरायच्या शिकंज्यावर, आले.

तेव्हा प्राचार्यांना तुमच्यामार्फत विनंती, पहिलं वर्ष तरी बॅच रोल नंबरनेच पाडा, आणि पुढे दर सेमिस्टरला चिठ्ठ्या टाकून बदला, नाहीतर आवटी आणि यादव यांची भेट थेट सेंडऑफलाच व्हायची.

आपला,
बी-टू बॅचवाला एक वाचक, कराड