गोलकीपरचे पॅड आणि पाच मिनिटांची घाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२९ ऑगस्टचा क्रीडा दिन जवळ आला की शाळांच्या कपाटांतून हॉकीचे सामान बाहेर निघते. त्यात गोलकीपरचा संच बहुधा एकच, आणि मुलापेक्षा मोठा. सामना तोंडावर आल्यावर आई-वडील आणि पी.टी.चे सर मिळून मुलाला त्यात कोंबतात. त्यात नेमके काय चुकते ते सांगावे म्हणून हे पत्र.

गोलकीपरला तयार करायला निवांत वीस मिनिटे ठेवा. आधी त्याला लघवीला पाठवा, पाणी पाजा. छातीचा गार्ड चढल्यावर आठवले तर सगळे उतरवावे लागते. मग खालून वर चढत जायचे. जांघेचा गार्ड, त्यावर जाड पॅडची चड्डी, बूट, किकर, पायाचे पॅड. छातीचा आणि हातांचा गार्ड त्यानंतरच, कारण तो घातला की मुलाला वाकून स्वतःचे पट्टे बांधता येत नाहीत. जांघेचा गार्ड मुलींसाठीही मिळतो. तो मात्र संचातला नको, ज्याचा त्याचा हवा.

खरा घोळ किकर आणि पॅडमध्ये होतो. किकर म्हणजे बुटावर बसणारा फोमचा ठोकळा. त्याचा पट्टा तळव्याच्या कमानीखालून जायला हवा. टाचेखाली आला की मूल त्यावरच उभे राहते, आणि जांभ्याच्या खरबरीत मैदानावर पट्टा बघता बघता झिजतो. पॅड किकरच्या माथ्यावर टेकावा आणि बकले पायाच्या बाहेरच्या अंगाला यावीत. आतल्या अंगाला आली तर पाय जुळवताना एकमेकांत अडकतात. पोटरीचे पट्टे घट्ट, वरचे जरा सैल. उलट केले की गुडघा वाकत नाही, पोर खांबासारखे उभे राहते आणि चेंडू पायांमधून निघून जातो. पट्टे आवळताना मुलाला गुडघे वाकवून खेळायच्या पवित्र्यात उभे करा, लोंबती टोके खोचून टाका. नियमाने पॅड ३०० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही, पण लहान मुलांना रुंदीपेक्षा उंची नडते. गुडघा पॅडच्या खोबणीत बसत नसेल तर कितीही आवळा, पॅड फिरतोच.

गळ्याचा गार्ड हेल्मेटच्या आधी. मुलाने मान वर केली तरी मधे गळा उघडा पडता कामा नये. हेल्मेटची जाळी धरून हलवली की डोकेही सोबत हलले पाहिजे. नुसते हेल्मेट फिरले तर हनुवटीचा पट्टा सैल आहे. मुलींनी वेणी मानेशी खाली घालावी. अंबाडा असला की हेल्मेट उचलले जाते. जर्सी छातीच्या गार्डवरून घालायची असते. हातमोजे अगदी शेवटी, आणि दुसरा मोजा एकट्याला बांधता येत नाही, तेवढी मदत मोठ्यांनी करावी. बाकीचे मुलाला स्वतः करू द्या, तुम्ही फक्त तपासा.

बाकी खेळाडूंचे सोपे: पातळ मोजा, शिनगार्ड, वरून जाड मोजा, मग बूट. दातांचा गार्ड चावून चावून पातळ झाला असेल तर तो टाकून द्या.

पॅड नाहीत म्हणून क्रिकेटचे बांधायची पद्धत दिसते. हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ क्रिकेटच्या चेंडूइतकाच जड, तेव्हा चालेल असे वाटते. पण गोलकीपर चेंडू पायाच्या पंज्याने मारतो, आणि क्रिकेटच्या पॅडखाली पंजा उघडाच राहतो. किकर नसतील तर त्या मुलाला गोलात उभे करूच नये.

सामना संपल्यावर ओले सामान तसेच पोत्यात कोंबले की आपल्या हवेत दोन दिवसांत बुरशी धरते. पॅड पडवीत, वाऱ्यावर, उभे करून वाळवावेत. चुलीजवळ किंवा कडक उन्हात फोम कडक होतो. खाऱ्या हवेने जाळीचे स्क्रू गंजतात, त्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब पुरतो. वेल्क्रोतली कुसळे जुन्या टूथब्रशने काढा. कुसळांनी भरलेला वेल्क्रो पहिल्याच झेपेला सुटतो.

— शालेय हॉकीचे काही प्रशिक्षक, रत्नागिरी