शाळेचा पट राखणाऱ्या मावशींस

आदरणीय मावशी,
स. न. वि. वि.

माझी आंतरजिल्हा बदली झाली, त्या दिवशी गावाने शाळेत निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता. शाल, श्रीफळ आणि भाषणे झाली. ‘बाईंनी शाळेचा पट टिकवला’ हे वाक्य तीन-चार वक्त्यांच्या तोंडून आले, तेव्हा शाळेचा पोषण आहार शिजवणाऱ्या तुम्ही स्वयंपाकखोलीच्या दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या. ते वाक्य मी तिथेच दुरुस्त करायला हवे होते. परंतु गळा दाटून आल्यामुळे मला चार शब्दांपलीकडे काही बोलता आले नाही. ती दुरुस्ती मी आता लेखी करत आहे, आणि ते वाक्य चारचौघांत बोलले गेले असल्यामुळे हे पत्रही सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. तुमची नात ते तुम्हाला वाचून दाखवील, अशी खात्री आहे.

मी बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, तुमच्या वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले ते २०११ च्या जूनमध्ये. शिक्षण हक्क कायदा लागू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते आणि प्रशिक्षणांमध्ये त्या कायद्याची कलमे आम्हाला तोंडपाठ करून घेतली जात होती: पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत असावी, ६० मुलांपर्यंत २ शिक्षक असावेत, एकही मूल शाळाबाह्य राहू नये. हे सारे मला ठाऊक होते. ज्या गावात मी शिकवणार होते ते गाव दसऱ्यानंतर ऊसतोडीपायी निम्मे रिकामे होते, हे मात्र मला कोणी सांगितले नव्हते. त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपवून मी परत आले, तेव्हा हजेरीपटावर ४३ नावे होती आणि समोर १९ मुले बसली होती. मी महिनाभर लाल शाईने गैरहजेरी मांडत राहिले. त्यानंतर एका दुपारी, मुले जेवून उठल्यावर, तुम्ही माझ्याजवळ येऊन म्हणालात, “बाई, लेकरं दिवाळीला न्हाई जात. घरच्यांनी उचल घेतली, त्या दिवशीच लेकरू गेलं समजा.”

माझ्या १४ वर्षांच्या नोकरीत मला याहून उपयुक्त वाक्य कोणत्याही प्रशिक्षणात ऐकायला मिळाले नाही. मुकादम, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणारा कंत्राटदार, पावसाळ्यातच गावात येतो, नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, देतो, आणि ती रक्कम दवाखान्यात, लग्नात किंवा मागच्या वर्षीच्या कर्जात संपून जाते. त्यानंतर सांगली, कोल्हापूर, सोलापूर किंवा थेट बेळगावकडच्या कारखान्यावर जाण्यावाचून त्या जोडीला गत्यंतर नसते. नोव्हेंबरमध्ये मुलांच्या घरी जाऊन शिक्षणाचे महत्त्व सांगणारी मी तीन-चार महिने उशिरा पोहोचत होते. ज्यांना मी ते समजावून सांगत असे, त्यांना ते माझ्याइतकेच समजत होते. फक्त निर्णय त्यांच्या हातातून श्रावणातच निघून गेलेला असायचा.

पुढच्या श्रावणापासून तुम्ही मला नावे सांगू लागलात. कोणाच्या घरी मुकादम येऊन गेला, कोणाची उचल ठरली, कोणाची अजून बोलणी चालू आहेत, कोणाच्या घरी म्हातारी माणसे धडधाकट आहेत आणि कोणाच्या घरी मुलाला ठेवण्याजोगे कोणीच नाही, हे तुम्ही तांदूळ निवडता निवडता सांगायचा आणि मी वहीत उतरवून घ्यायचे. स्थलांतराचे शासकीय सर्वेक्षण व्हायचे तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात असायच्या. आपली यादी त्याआधी दोन महिने तयार असायची. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आपण ऑगस्टमध्येच घेऊ शकलो आणि हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत पाठवू शकलो, याचे सारे श्रेय त्या यादीला आहे.

जे वाचक आपल्या भागातले नाहीत, त्यांच्यासाठी इथे थोडे सांगते. हंगामी वसतिगृह म्हणजे इमारत नव्हे. आई-वडील कारखान्यावर गेले की मूल आजी-आजोबांकडे किंवा चुलत्यांकडे झोपते आणि सकाळ-संध्याकाळचे जेवण त्याला शाळेत मिळते. दुपारचा पोषण आहार असतोच. योजना चांगली आहे आणि मी तिच्या बाजूने नेहमी बोलत आले आहे. परंतु मूल गावात ठेवायचे की नाही हे अन्नावर जेवढे ठरते, तेवढेच म्हातारीच्या धिरावर ठरते. रात्री पोराला ताप आला तर काय करू, पोरगी वयात आलेली आहे, काही झाले तर लेकाला काय तोंड दाखवू, असे प्रश्न या आज्या मला विचारत नसत, कारण मी परगावची होते आणि संध्याकाळी पाचच्या गाडीने तालुक्याला निघून जायचे. ते प्रश्न त्या तुम्हाला विचारत. ‘रात्री-अपरात्री मला हाक मारा’ असे तुम्ही ज्या ज्या घरी सांगितले, त्या घरची मुले राहिली.

मुलींच्या बाबतीत तुम्ही अधिक हट्टी होतात. फडात आई ऊस तोडत असताना कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, धाकट्या भावंडाला सांभाळायला आणि भाकरी थापायला नऊ-दहा वर्षांची मुलगी हाताशी लागते, म्हणून मुलगा गावात आणि मुलगी कारखान्यावर अशी वाटणी कित्येक घरांत ठरलेली असायची. अशा एका घरी तुम्ही सलग तीन दिवस जाऊन बसलात. त्या घरची मुलगी पुढे गढीच्या नवोदय विद्यालयात निवडली गेली आणि तिच्या निवडीचे पेढे मला मिळाले. त्या पेढ्यांवर पहिला हक्क तुमचा होता, हे मी तेव्हा बोलले नाही, याची खंत वाटते.

सर्वच मुली राहिल्या नाहीत, हेही मला इथे लिहिले पाहिजे. चौथीतली एक हुशार मुलगी दोन हंगाम राहिली, तिसऱ्या हंगामात तिची आजी वारली आणि मुलगी कारखान्यावर गेली. शिक्षण हमी कार्ड मी स्वतः तिच्या हातात दिले होते, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेत तिला बसता येईल. ते कार्ड एप्रिलमध्ये पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, तिने कोऱ्याचे कोरे परत आणले. पुढे तिचे लग्न फार लवकर झाले. तुम्ही आणि मी तिचे नाव आजही घेतो.

आता स्वयंपाकाविषयी. शासनाच्या हिशेबात प्राथमिकच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे आहे, आणि तांदळाचा हिशेब मी त्याप्रमाणेच लिहीत आले. पण सोमवारी खिचडी जास्त लागते हे तुम्हाला माहीत होते, कारण शनिवार दुपारनंतर काही मुलांना पोटभर मिळालेले नसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये, आई-वडिलांनी ठेवून गेलेले धान्य संपत आले की पुन्हा जास्त लागते, हेही तुम्हीच मला दाखवून दिले. ज्या मुलाने दुसऱ्यांदा ताट पुढे केले त्याला तुम्ही कधी ‘अजून?’ असे विचारले नाही. २०१३ च्या जुलैमध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात विषारी आहाराने २३ मुले दगावली आणि त्यानंतर चव नोंदवहीबाबत आम्हा सर्वांवर कडक सूचना आल्या. तुम्ही मात्र पहिल्या दिवसापासून आधी स्वतः दोन घास खाऊन, अर्धा तास थांबूनच वाढत होतात. त्या वहीत मी फक्त तुमच्या सवयीची नोंद करत गेले. सगळ्या घरांतली मुले एकाच पंगतीत, एकमेकांना लागून बसली पाहिजेत, हा तुमचा नियमही कोणत्या परिपत्रकातून आलेला नव्हता. सुरुवातीला त्यावरून दोन पालक शाळेत आले होते. त्यांना तुम्ही दिलेले उत्तर, “इथं पोरं आहेत, घरं न्हाईत,” माझ्या अजून कानात आहे.

२०१६ चा उन्हाळा मी विसरू शकत नाही. लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले तो हा उन्हाळा. आपल्या वाडीवर टँकर दिवसाआड यायचा, तोही सायंकाळी. दुष्काळी भागांत सुट्टीतही शाळेचे जेवण चालू ठेवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात सांगितले. आदेश निघणे सोपे असते, पण पाणी, सरपण आणि हात आणायचे कुठून हा प्रश्न शाळेपुढे उरतोच. तुम्ही पहाटे टँकरच्या विहिरीवरून दोन हंडे आधी शाळेसाठी आणत होतात आणि मग घरासाठी. त्या महिन्यात जेवायला येणाऱ्यांत पटावर नसलेली लहान भावंडेही होती. त्यांनाही तुम्ही वाढलेत.

तुमच्याकडून मी शिकवायलाही शिकले, हे वाचून तुम्ही हसाल. २०१५ मध्ये सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जात होते, तशी मीही गेले होते. मुले वस्तू हाताळून, गटात बसून, स्वतः शिकताना मी तिथे पाहिली आणि परत आल्यावर आपल्याकडे साहित्य कुठून आणायचे या विचारात पडले. तुमच्या चुलीशेजारी चिपटे, मापटे आणि शेर ओळीने उपडे घालून ठेवलेले होते. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पाव आणि अर्धा हे अपूर्णांक ज्या मुलांना फळ्यावर महिनाभर उमगले नव्हते, त्यांनी तुमच्या तांदळाच्या गोणीशी बसून ते एका सकाळीत ओळखले, आणि तिसरीतल्या एका मुलाने पायलीत सोळा चिपटी बसतात हे न मोजता सांगितले. पहिली ते चौथीची मुले एका खोलीत असणे ही अडचण आहे, असे मी पूर्वी मानत होते. त्या सकाळी मोठ्यांनी लहानांना मापे भरून दाखवताना पाहिल्यावर माझे मत बदलले. लहान, गरीब शाळेकडे असे बरेच काही असते, जे मागणीपत्रात मागता येत नाही आणि तपासणीच्या नमुन्यात भरता येत नाही.

या साऱ्याच्या बदल्यात तुम्हाला काय मिळाले, ते लिहिल्याशिवाय आभार खरे होणार नाहीत. मी आले तेव्हा मानधन महिन्याला १,००० रुपये होते, पुढे १,५०० झाले, २०२३ पासून २,५०० झाले, आणि तेही वर्षातले १० महिनेच. महिन्यातल्या शाळेच्या २५ दिवसांवर ते वाटले तर दिवसाला १०० रुपये पडतात. खुरपणीला गेलात तर याहून अधिक मिळतात. आमचा पगार उशिरा आला की आम्ही संघटनेकडे जातो. तुमचे मानधन चार-चार महिने आले नाही तेव्हा तुम्ही किराणा दुकानदाराला स्वतःच्या नावावर मीठ-मिरची मागितलीत. मी तुमच्यासाठी अर्ज लिहिले, पण पुरेसे लिहिले नाहीत.

गावात तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येऊ लागली, ज्यांना परवडले त्यांची मुले तिच्यात बसली आणि आपल्याकडे ज्यांना दुसरी शाळाच नव्हती ती मुले उरली. पट २५ च्या खाली आला तसे नियमानुसार एकच मदतनीस राहिली आणि दोघींचे काम तुमच्या एकटीवर पडले. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. अशा शाळा राज्यात सुमारे १५ हजार होत्या. आपला पट तेव्हा २३ होता. त्या २३ पैकी ९ मुलांचे आई-वडील फडात होते. ती ९ मुले तुमच्या शब्दावर गावात राहिलेली होती, आणि ती नसती तर पट १४ झाला असता. पावसाळ्यात ओढा चढला की पलीकडच्या शाळेत आपल्या वाडीतून एकही मुलगी गेली नसती, हे तुम्ही आणि मी जाणतो.

मावशी, माझी नवी शाळा परभणी जिल्ह्यात आहे आणि इथूनही टोळ्या कारखान्यांवर जातात. इथे दोन खोल्या आहेत, पट ३१ आहे, आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताई तुमच्याहून वयाने बऱ्याच लहान आहेत. परवा श्रावणी सोमवारी, शाळा लवकर सुटल्यावर, मी वही घेऊन त्यांच्याजवळ तांदूळ निवडायला बसले आणि यंदा गावात उचल कोणी कोणी घेतली, असे विचारले. त्यांनी आधी माझ्याकडे आश्चर्याने पाहिले आणि मग एकेक नाव सांगायला सुरुवात केली. सात नावे झाली आहेत.

आपली कृतज्ञ,
शाळेतील बाई