मोटर बदलली, गाडी चिखलातच

महोदय,

पावसाळ्यात घाटवाटांवर अडकणाऱ्या गाड्यांच्या बातम्यांत ‘चालकाचा निष्काळजीपणा’ हे शब्द ठरलेले असतात. गॅरेजवाल्याच्या निष्काळजीपणावरही एकदा लिहा.

मी गगनबावडा तालुक्यात धनगरवाड्यांवरून दूध गोळा करतो. त्यासाठीच फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी, पिकअप घेतली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जांभ्याच्या चढणीवर फोर बाय फोरचं बटण फिरवलं, डॅशबोर्डवरचा दिवा लागला, पण पुढची चाकं ढिम्म. मागची जागेवरच फिरत राहिली आणि सहा कॅन दूध नासलं.

शहरातल्या गॅरेजमध्ये गाडी टो करून नेली. गाडीखाली कुणी वाकलंसुद्धा नाही. ‘शिफ्ट मोटर गेली’ म्हणाले (बटण फिरवल्यावर फोर बाय फोर जोडणारी ती मोटर), नवी बसवली आणि बावीस हजार घेतले. घरी येऊन शेतात घातली तर तोच प्रकार.

शेवटी गावातल्या मिस्त्रींना बोलावलं. ते म्हणाले, दिवा लागतोय म्हणजे मोटरनं तिचं काम केलंय, दोष पुढं आहे. मागच्या चाकांना दगड लावून त्यांनी पुढचं एक चाक जॅकवर उचललं, बटण फोर बाय फोरवर टाकून मग इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. चाक घट्ट राहायला हवं होतं, ते हातानं भिंगरीसारखं फिरलं. म्हणजे हब, पुढच्या चाकांना इंजिनकडून येणाऱ्या दांड्याशी जोडणारे भाग, लॉक होत नव्हते. आमच्या गाडीचे हब व्हॅक्यूमवर, म्हणजे पंपानं नळीतून हवा ओढून, चालतात. (काही जुन्या जिपांचे उतरून हातानं फिरवावे लागत, तेच बरं होतं.) इंजिन चालू करून हबकडची नळी काढून त्यांनी बोट लावलं, ओढ नाही. पंपाकडच्या टोकाला मात्र बोट चिकटलं. मधे बॅटरीमागं उंदरानं नळी कुरतडली होती. वीतभर रबरी नळी, साठ रुपये.

मिस्त्रींचं एक ऐकण्यासारखं आहे: मे महिन्यातच ओल्या रानात फोर बाय फोर टाकून गाडी शंभरेक पावलं चालवून बघावी. कोरड्या डांबरावर नको, वळणावर पुढची-मागची चाकं सारखी फिरत नाहीत, गाडी आवळते.

माझी मागणी एवढीच, की कोणता भाग का बदलला आणि त्याआधी काय तपासलं, हे गॅरेजनं बिलावर लिहून देणं सक्तीचं करावं. काढलेली मोटर मी भांडून परत आणली. मिस्त्रींनी तिला बॅटरीच्या दोन वायरी लावल्या, तर ती झकास फिरली.

— एक दूध वाहतूकदार, गगनबावडा (जि. कोल्हापूर)