फुटबॉलचा पैसा, बाकीच्यांची फरफट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या विद्यापीठीय खेळांचे कौतुक करणारा लेख वाचला. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये एकट्या स्टॅनफर्डशी संबंधित खेळाडूंनी ३९ पदके मिळवली आणि आपल्या अख्ख्या देशाने ६, हे झोंबते आणि खरेही आहे. पण आपल्या विद्यापीठांनी ही व्यवस्था जशीच्या तशी उचलावी, हे काही पटले नाही. गेली काही वर्षे इथे कॅलिफोर्नियात तिची जी मोडतोड चालली आहे, तिचा लेखात उल्लेखही नाही.

इथली विद्यापीठे 'कॉन्फरन्स' म्हणजे गट करून खेळतात. आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धा पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण अशा विभागांत होतात, तसेच हे गटही मुळात भूगोलावर बेतलेले होते. पश्चिम किनाऱ्यावरचा 'पॅक-१२' १९१५ सालचा. जून २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए यांनी तो सोडून मध्य-पश्चिमेतल्या 'बिग टेन'मध्ये जायचे जाहीर केले आणि घराचे वासेच फिरले. ऑगस्ट २०२३ मध्ये तर एकाच दिवशी पाच विद्यापीठे बाहेर पडली. स्टॅनफर्ड आणि बर्कली यांनी थेट अटलांटिक किनाऱ्यावरच्या एसीसी गटात आसरा घेतला, तोही पहिली सात वर्षे टीव्हीच्या उत्पन्नातला जेमतेम ३० टक्के वाटा कबूल करून. त्याच गटात शिरायला डॅलसच्या एसएमयू विद्यापीठाने नऊ वर्षे तोही नको म्हणून सांगितले! पॅक-१२मध्ये मागे उरल्या ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. गटाच्या कारभाराचा ताबा मिळवायला त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली.

याचे मूळ १९८४च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात आहे. तोवर कोणता सामना टीव्हीवर दाखवायचा हे एनसीएए ही मध्यवर्ती संस्था ठरवायची. ती मक्तेदारी मोडली आणि पुढे गट स्वतःच वाहिन्यांशी सौदे करू लागले. बिग टेनचा २०२२चा करार सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरच्या वरचा. हा पैसा मुख्यतः हेल्मेट घालून खेळायच्या इथल्या फुटबॉलचा. तो संघ आठवड्यातून एकदा खेळतो, बहुधा शनिवारी, आणि खास विमानाने जातो. त्याला लांबचा पल्ला परवडतो.

व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, टेनिसचे तसे नाही. आमच्या ओळखीतली एक मुलगी अशाच एका विद्यापीठात व्हॉलीबॉल खेळते. पूर्व किनाऱ्यावर सामने असले की बुधवारी संध्याकाळी विमानतळ, शुक्रवारी एक सामना, रविवारी दुसरा, मध्यरात्री उलटून गेल्यावर घर आणि सोमवारी सकाळी केमिस्ट्रीचा तास. मागच्या सत्रातली एक परीक्षा तिने हॉटेलच्या खोलीत, संघाबरोबर आलेल्या बाईंच्या देखरेखीखाली दिली, घड्याळ तीन तास पुढे असताना. पूर्वी आईवडील डबा घेऊन गाडीने लॉस एंजेलिसला तिचा सामना बघायला जात. आता फोनवर बघतात, तेही ऑफिसच्या मीटिंगमध्ये आवाज बंद करून.

सरकारी पैशाचा हिशेब आणखी गमतीचा. यूसीएलए आणि बर्कली ही एकाच सरकारी विद्यापीठाची दोन आवारे. पहिले निघून गेल्याने दुसऱ्याचे नुकसान झाले, म्हणून यूसीएलएने बर्कलीला दरवर्षी १ कोटी डॉलर द्यावेत असे नियामक मंडळाने ठरवले. या खिशातले त्या खिशात!

फुटबॉलच्याच पैशावर बाकीचे खेळ जगतात, असे गट बदलण्याचे समर्थन करणारे म्हणतात. त्यात तथ्य आहे. पॅक-१२ शाबूत असतानाच, २०२० मध्ये, स्टॅनफर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठाने ११ खेळ बंद करायचे जाहीर केले होते. ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी निर्णय फिरवला. पैसा लागतोच. पण तो मिळवायला फुटबॉलचा संघ देशभर फिरतो, म्हणून टेनिसच्या मुलींनीही त्याच्या मागे का फिरायचे, याचे उत्तर कोणी देत नाही.

दोन्हींची वाट वेगळी ठेवता येते. इंडियानातले नोटर डेम विद्यापीठ फुटबॉल कोणत्याही गटात न जाता खेळते आणि त्याचे बाकीचे बहुतेक खेळ २०१३ पासून एसीसीत आहेत. म्हणजे एका विद्यापीठाने सगळे खेळ एकाच दावणीला बांधलेच पाहिजेत असा नियम नाही. फुटबॉलने वाहिन्यांना हवे तिथे जावे, बाकीच्यांनी शेजारच्यांशी खेळावे, एवढी साधी मागणी इथले पालक करतात. लेखकांनी पुढच्या लेखात नोटर डेमचा हा नमुना आपल्या क्रीडा संचालकांपुढे ठेवावा, ही विनंती.

आपला,
एक मराठी वाचक, सनीव्हेल, कॅलिफोर्निया