उद्यमनगरातल्या काकांना, ऑक्टाव्हिया आरएसच्या इंजिनाबद्दल

ती. काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत. टर्बो गाडीची ताकद वाढवायला निघालेल्या प्रत्येकाच्या कानावर तुमचं काम पडायला हवं.

माझी स्कोडा ऑक्टाव्हिया कोल्हापुरात तुमच्याकडे आली तेव्हा 1.8 लिटरच्या टर्बो इंजिनाचं रीमॅपिंग (इंजिनाच्या संगणकातली सेटिंग बदलणं) झालं होतं, बूस्ट म्हणजे टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब वाढला होता, टायरही जास्त पकडीचे होते. कोइम्बतूरच्या कारी रेस ट्रॅकवर एका वळणात तेलाचा दाब पडल्याचा लाल दिवा क्षणभर लुकलुकला होता. त्यावर सल्ले भरपूर मिळाले: मोठा पंप टाका, मोठा कूलर लावा, 20डब्ल्यू-50 हे दाट तेल भरा. तुम्ही यातलं काहीच विकायला काढलं नाहीत. "आधी काटा बसव. दिवा पेटला म्हंजे उशीर झाला, पोरा," एवढंच म्हणालात.

तेलाच्या दाबाचा आणि तापमानाचा, असे दोन काटे बसले आणि चित्र स्पष्ट झालं. इंजिनाच्या मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागे साधारण 10 पीएसआय (दाबाचं एकक), हा तुमचा ठोकताळा. सरळ रस्त्यावर तेल तापलेलं असतानाही दाब त्याहून वर होता, आयडलिंगलाही ठीक होता. पडत होता तो फक्त जोरात घेतलेल्या वळणात. म्हणजे पंपात दोष नव्हता, पंपापर्यंत तेलच पोहोचत नव्हतं. टायरची पकड वाढली की वळणात तेल संपच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, एका बाजूला चढतं, पंप जिथून तेल ओढतो ती सक्शनची जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) आणि त्याला आधार देणारं बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी. तिथला तेलाचा थर तुटला, की धातू धातूवर घासायला वेळ लागत नाही. मोठ्या पंपाने तीच हवा आणखी जोरात ओढली असती. एवढी साधी गोष्ट मला तोवर कुणीच सांगितली नव्हती.

मग संप उतरला. जाळीवर करपलेल्या तेलाचे काळे कण होते आणि आधीच्या कुठल्या तरी कामात सढळ हाताने लावलेल्या सिलिकॉनचे तुकडे. अजून वाट बंद झाली नव्हती, पण त्याच दिशेने चालली होती. तुम्ही संपमध्ये आडव्या पट्ट्या टिग वेल्डिंगने बसवल्यात. त्यांना झडपा अशा लावल्यात की तेल जाळीकडे येऊ शकेल, पण तिथून सहज निसटणार नाही. त्यानंतर मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा गोळा ठेवून जाळी आणि संपचा तळ यांतलं अंतर तपासलंत. ते फार कमी झालं तर तेल अडतं, फार जास्त झालं तर हवा लवकर शिरते. तुमच्या शेजारी उभं राहून ते मोजमाप बघणं हा माझ्यासाठी सगळ्यात मोलाचा भाग होता.

टर्बोची तेल आणणारी नळी आतून करपली होती, ती नवी घातलीत. परतीची नळी सरळ उतारावर घेतलीत, कारण टर्बोतून तेल खाली येतं ते केवळ स्वतःच्या वजनाने. बूस्टमुळे क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या कप्प्यात, जास्त वायू साठतो म्हणून तो बाहेर काढणारे व्हेंटिलेशनचे चिरलेले होज बदललेत. कूलर लावलात, पण थर्मोस्टॅटसह, म्हणजे तेल तापल्यावरच ते कूलरकडे वळेल. तेल 90 ते 110 अंशांत राहिलं पाहिजे. ते तापलंच नाही तर त्यात मिसळलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही, हे तुम्ही आवर्जून सांगितलंत. तेल 5डब्ल्यू-40 च ठेवलंत. दाट तेलाने काट्यावरचा आकडा वाढला तरी थंड इंजिनात ते फिरायला वेळ लागतो. आणि डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या पुढे "जरा जास्त" तेल भरायची जी पद्धत आहे, तिला तुम्ही ठाम नकार दिलात. क्रँक त्या तेलात बुडून फेस काढते आणि पंपात पुन्हा हवाच जाते.

सगळं जोडून झाल्यावर कॉइल आणि इंजेक्टरचे प्लग काढून, नुसत्या स्टार्टरवर इंजिन फिरवलंत. काट्यावर दाब दिसल्याशिवाय ठिणगी द्यायची नाही, यावर तुम्ही अडून बसलात. बाहेर दुसरं गिऱ्हाईक ताटकळत होतं, तरी घाई केली नाहीत.

त्यानंतर गाडी पुन्हा कारीला नेली. तेच वळण, तोच वेग. काटा किंचित हलतो आणि जागेवर येतो. फिल्टर कापून पसरून पाहिला, त्यात धातूचा चमकणारा कण सापडला नाही. बिलात तुम्ही बहुतेक मजुरीच लावली होती, आणि ती कमी लावली होती असं माझं आजही मत आहे.

पुढचं तेल 5,000 किलोमीटरवर बदलायचं ठरलंय, ते दिवाळीच्या आसपास येईल. तेव्हा गाडी तुमच्याकडेच आणतो. जुन्या तेलाचा नमुना आणि कापलेला फिल्टर दोन्ही सोबत असतील. काकूंना नमस्कार सांगा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऑक्टाव्हियावाला