सुभेदार मामा, आता तरी आभार मानू द्या

सुभेदार मामा,

नमस्कार. अक्षता पडल्यावर तुमच्या पाया पडायला आले तर तुम्ही "बास बास, आधी जेवून घे" म्हणून पळवून लावलंत, आणि खानापूरच्या गावजेवणात तर बोलायला सवडच मिळाली नाही, म्हणून हे सगळ्यांच्या समोर लिहालेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी खानापूरची, आमचे हे चिक्कोडीचे, बेळगाव जिल्हा एकच पण ओळख झाली ती काश्मीरमधल्या गुलमर्गला, स्कीइंगच्या कोर्समधे. त्यामुळं लग्न बर्फात करायचं हे आमचं दोघांचं आधीच ठरलेलं, आणि घरात सांगितल्यावर बाबा गप्प, आई रडकुंडीला आणि आजीचं एकच, तिथं भटजी तरी मिळतो काय गं. शेवटी बाबांनी तुम्हाला बोलावलं, कारण मराठा लाइट इन्फंट्रीत आयुष्य गेलेला आणि काश्मीरमधे हिवाळे काढलेला दुसरा माणूस आमच्या ओळखीत नाही. मला वाटलं झालं, आता मामा येऊन माझी समजूत घालणार.

तुम्ही बशीत ओतून सावकाश चहा घेतलात आणि विचारलंत, "महिना कुठला?" मी म्हटलं डिसेंबर, ख्रिसमसला सगळ्यांना सुट्टी असते. तुम्ही काही न बोलता आजीकडं बघितलंत, ती लगेच म्हणाली धनुर्मासात लग्न कोण करतंय. मग तुम्ही सांगितलंत की तिकडं काश्मीरात पण २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलां, म्हणजे सगळ्यात कडाक्याची थंडी असते, नळ गोठतात, रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही, म्हणजे आपलं पंचांग आणि त्यांचा हिवाळा दोघंही तेच सांगालेत, माघ धरा. आजी त्या दिवशीच निम्मी तुमच्या बाजूला आली बघा.

पण माघात तरी बर्फ असतो याची खात्री काय, हे पण तुम्हीच काढलंत. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग कोरडं ठाक होतं, २०२५ ला तर खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतनं मार्चमधे ढकलल्या. "बर्फ पडला नाही तरी लग्न चांगलं झालं पाहिजे आणि जास्त पडला तरी झालं पाहिजे, अशी जागा बघ," म्हणालात. तोपर्यंत मी नुसते फोटो बघत होते हो, कुठल्या हॉटेलच्या लॉनवरनं डोंगर चांगला दिसतो एवढंच.

उत्तराखंडातल्या औलीचं माझ्या डोक्यात फार होतं. तिथं जायला ऋषिकेशपासनं जोशीमठ अडीचशे किलोमीटर घाटाचा रस्ता, म्हातारी माणसं गाडीतच अर्धी होणार, आणि २०२३ ला जोशीमठात जमीन खचून घरांना तडे गेले, रोपवे बंद पडला, तिथं आपण दीडशे माणसं घेऊन कशाला जायचं. २०१९ ला तिथल्या त्या बड्या उद्योगपतींच्या लग्नानंतर किती कचरा निघाला आणि प्रकरण हायकोर्टापर्यंत कसं गेलं ते पण तुम्ही सांगितलंत. मनालीजवळचं सोलंग एका वाक्यात उडवलंत, तिथल्या भुंतर विमानतळाचं विमान उडेल तेव्हा खरं. राहिलं गुलमर्ग. श्रीनगरच्या विमानतळापासनं पन्नास-पंचावन्न किलोमीटर, आणि बेळगावच्या सांबरा विमानतळाहून दिल्ली, दिल्लीहून श्रीनगर. ज्यांना विमान नको त्यांनी गोवा एक्सप्रेसनं दिल्लीच्या निजामुद्दीनपर्यंत जावं आणि पुढं बघू.

मग तुमचा तो प्रश्नांचा कागद. वहीचं पान फाडून, पेन्सिलनं लिहिलेला. वीज गेली तर जनरेटर किती तास चालतो. खोल्या विजेवर गरम होतात की बुखारी, म्हणजे तिकडची लाकडाची शेगडी आहे. गुलमर्गच्या पायथ्याच्या तंगमर्गच्या पुढं गाड्यांच्या चाकांना साखळ्या कोण लावणार आणि पैसे कोणाचे. रस्ता बंद पडला तर तारीख पुढं सरकवतात की अॅडव्हान्स बुडतो. होम आत चालतो काय, धुराचा अलार्म वाजला तर काय. ऑक्सिजनचा सिलिंडर जवळ आहे की नाही. हे सगळं मी तीन-चार हॉटेलांना फोनवर विचारलं. एक जण प्रत्येक गोष्टीला "नो प्रॉब्लेम मॅडम" म्हणत होता, मला तर तेच पसंत पडलेलं, रेट पण कमी. तुम्ही म्हणालात सगळ्याला हो म्हणणाऱ्यानं बर्फ बघितलेला नाही किंवा तुझा प्रश्न ऐकलेला नाही. आणि ज्या मॅनेजरनं सरळ सांगितलं की होम आत करू देणार नाही, बाहेर एका बाजूनं उघडा व्हरांडा आहे तिथं करा, रात्री बाहेर डीजे नाही, फेब्रुवारीत स्कीवाल्यांची गर्दी असते म्हणून खोल्या आत्ताच्या आत्ता पक्क्या करा, त्याच्याकडं बुक करायला लावलंत. लॉन बघू नको, हॉल बघ, हे तुम्ही इतक्या वेळा म्हणालात की मी चिडले पण होते.

माझा हट्ट होता की गोंडोलानं, म्हणजे तिथल्या केबल कारनं, वर दुसऱ्या टप्प्याला, अफरवटला जाऊन माळा घालायच्या. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. फक्त सांगितलंत की ते १३ हजार फुटांच्या आसपास आहे, बेळगाव अडीच हजारावर, आणि जोराचा वारा सुटला की गोंडोला बंद, मग अर्धं वऱ्हाड वर आणि भटजी खाली. मी आपली मुकाट्यानं गप्प.

सगळ्यात हसू आलं ते राजहंसगडाचं. साठीच्या पुढचं जे कोण येणार म्हणतंय त्यांना येळ्ळूरला गाडी खाली लावून गड चालत चढायला लावलात, सकाळी सकाळी, स्वेटर घालून! काकांनी अर्ध्यात बसून "मी गावजेवणालाच येतो" म्हणून टाकलं. आजी चढली. तरी तिला आधी डॉक्टरकडं पाठवलंतच, आणि सगळ्यांनी एक रात्र श्रीनगरला काढायची, विमानातनं उतरून थेट साडेआठ हजार फुटांवर जायचं नाही, यावर तुम्ही कुणाचं ऐकलं नाही. बरं झालं, कुणाचं डोकं दुखलं नाही.

जेवणाचं तर मी धरलंच नव्हतं. आचारी आपला शहापूरचा, त्याला तुम्ही सांगितलंत की वर पाणी नव्वदच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजत बसेल, मोठे कुकर पाहिजेत, आणि थंडीत सिलिंडरचा गॅस मंद होतो म्हणून भट्टीचं बघ. कुंदा इथनंच डबे भरून नेला. मांडे मात्र तिथं जमणार नाहीत म्हणून गावजेवणाला ठेवले, तो निर्णय एकदम बरोबर. हळद घरी करून जायचं आईच्या मनात होतं, पण हळद लागलेल्या नवरीनं वेस ओलांडायची नाही म्हणून आजी अडून बसली, तेव्हा सांगलीची हळद पण विमानातनं वर गेली.

पहलगामच्या घटनेनंतर आमच्या घरात काश्मीरचं नाव काढलं तरी आई उठून आत जायची. तुम्ही "काही होत नाही" असं एकदाही म्हणाला नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार. बाबांच्या शेजारी बसून कुठला रस्ता, किती वाजता, अंधार पडायच्या आत कुठं पोचायचं, कोणाचा फोन चालू पाहिजे, हे सगळं त्यांच्या हातानं लिहून घेतलंत. बाहेरचं प्रीपेड सिम तिथं चालत नाही हे तर आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं, पोस्टपेडवाले चार जण शोधून प्रत्येक गाडीत एक बसवला.

आणि तो दिवस. साडेबाराचा मुहूर्त, सकाळपासनं वारा आणि भुरभुर बर्फ, लॉनवरचं सगळं डेकोरेशन आडवं. फोटोग्राफर रडायला आलेला. आम्ही हॉलमधे अक्षता घेतल्या, व्हरांड्यात होम झाला, वीज दोनदा गेली आणि बुखारीमुळं कुणाला कळलं पण नाही. नववारीच्या आत मी थर्मल घातलेलं, ते पण तुमच्याच सांगण्यावरनं.

जेवताना तुम्ही ह्यांना सांगत होता की गुलमर्गच्या ज्या लष्कराच्या वॉरफेअर स्कूलमधे तुम्ही शिकलात ते १९४८ ला जनरल थिमय्या साहेबांनी स्की स्कूल म्हणून सुरू केलेलं, आपल्या कोडगूचा माणूस, म्हणजे गुलमर्गला कर्नाटकचं वऱ्हाड काय नवीन नाही. ह्यांनी ते आता ऑफिसात सगळ्यांना सांगून झालंय.

तुमच्या लोकरी टोप्या धुवून ठेवल्यात, रविवारी बाबा आणून देतील. एक कमी आहे. ती आजीनं ठेवून घेतलीय, मागून घ्यायचं धाडस तुमच्यात असेल तर बघा.

तुमची,
खानापूरची पोर