विणकर कुजबुजत नाही

चि. राणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी गोष्ट तीनदा वाचली. पहिल्यांदा कौतुकाने, नंतर पेन्सिल घेऊन. अशोक चौकातला कारखाना, चादरींच्या घड्या, पहाटेची पाळी, सगळं डोळ्यांसमोर उभं राहतं. पण माणसं तोंड उघडतात आणि मला सगळ्यांच्या तोंडून तूच ऐकू येतेस. मालक, कामगारांवर देखरेख करणारा जॉबर, बिडीवाली अक्का, सगळे लांब, नीटनेटकी वाक्यं बोलतात. मध्येमध्ये 'काय करूलालास बे' पेरलंयस, तेवढ्याने माणूस सोलापूरचा होतो, पण वेगळा होत नाही. आणि 'बे' म्हणणारा पोरगा बापासमोर तो शब्द गिळतो, हे तू इथेच वाढून विसरलीस?

संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलतो आणि विदूषक ब्राह्मण असूनही प्राकृत. पण त्याने पात्राचा दर्जा कळतो. दोन विदूषक एकमेकांसारखे का बोलत नाहीत, ते लिहिणाऱ्यालाच शोधावं लागतं.

आपल्या गल्लीतली अक्का आठव. मांडीवर सूप, पान कापलेलं, तंबाखू भरून वळायची, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. दोरा बांधताना ती गप्प होते आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुढच्या बिडीला पुरं करते. तिला हजार बिड्यांचा हिशोब असतो. मान वर करून बोलली, तर समजायचं की गोष्ट गंभीर आहे. तुझी अक्का मात्र हात थांबवून नवऱ्याबद्दल पंधरा ओळी सलग बोलते. एवढ्या वेळात किती बिड्या राहिल्या, सांग बरं?

आणि तुझा विणकर बायकोच्या कानात कुजबुजतो. तिथे मी पेन्सिल खाली ठेवली. तुझे आजोबा आयुष्यभर मागावर होते. तिथे धोट्याच्या खडखडाटात शेजारच्याचंही ऐकू येत नाही, म्हणून बोलणं दोन शब्दांचं, ओरडून, हातवाऱ्यांसकट. तीच सवय घरी आली. "जेवलीस?" "झोप." "दार लाव." रागावलेत की माया करतायत, हे आम्ही आवाजावरून कधी ओळखलं नाही, हातावरून ओळखायचो. माझ्या पाठवणीच्या वेळी ते कानाशी वाकले आणि म्हणाले, "पिशवीत पैसे ठेवलेत. कुणाला सांगू नको." सगळ्या मांडवाने ऐकलं. त्यांना ते हळूच बोलल्यासारखं वाटत होतं. मी आजही तो आवाज जसाच्या तसा ऐकू शकते.

तुझ्या विणकराला तसा आवाज दे. त्याच्याकडे शब्द कमी असू देत, आणि जे बोलायचं नाही ते त्याला लपवता येऊ नये.

रविवारी दुपारी फोन कर. नावं वगळून नुसती बोलणी वाच, 'तो म्हणाला, ती म्हणाली' काही नको. कोण बोलतंय ते मी ओळखते. जिथे अडेन, तिथे खूण कर.

शेंगाचटणी पाठवली आहे, डबा परत आण.

तुझी,
आई